बोर्ड ‘उडाला’ म्हणण्याआधी: ब्लू पिल एसटी-लिंकने परत आणणं आणि बग पकडणं

कालपर्यंत एलईडी व्यवस्थित लुकलुकवणाऱ्या ब्लू पिल या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डमध्ये नवा कोड टाकला आणि त्यानंतर बोर्ड ओळखच देईना. एसटी-लिंक, म्हणजे संगणकावरून चिपमध्ये कोड टाकणारा आणि आत डोकावणारा डीबगर, लावून बघावं तर पडद्यावर एकच ओळ, ‘नो एसटीएम३२ टार्गेट फाउंड’. अशा वेळी नवशिके बहुधा दोनपैकी एक करतात. एक तर बोर्ड बाजूला टाकून नवा मागवतात, नाही तर मिळेल त्या मार्गाने चिप पूर्ण पुसून ‘सुटलो’ म्हणतात. पहिल्यात धडधाकट चिप वाया जाते. दुसऱ्यात बिघाडाचा पुरावाच पुसला जातो, मग तोच कोड पुन्हा टाकला की तोच प्रकार पुन्हा.

म्हणून इथला क्रम असा आहे: आधी जोडायचं, मग बघायचं, बघितलेलं उतरवून ठेवायचं, आणि पुसणं सगळ्यात शेवटी.

उदाहरणाला एसटीएम३२एफ१०३सी८टी६ ही चिप घेतली आहे. ब्लू पिलवर असते ती हीच. आतमध्ये कॉर्टेक्स-एम३ कोअर, ७२ मेगाहर्ट्झपर्यंत क्लॉक, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. बोर्ड स्वस्त आहे, आणि शिकताना जितक्या प्रकारे एखादी चिप अडकू शकते तितक्या सगळ्या प्रकारे ही अडकते. एक सूचना आत्ताच देतो: आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या. पत्ते सगळे हेक्समध्ये आहेत. त्यांच्यापुढे नेहमीचं शून्य आणि एक्स लावायचं.

साहित्य आणि पाच वायरी

एसटी-लिंक व्ही२ चा यूएसबी स्टिकच्या आकाराचा क्लोन पुरेसा आहे. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन कुठेही मिळतो. सोबत चांगल्या जंपर वायरी आणि एक मल्टीमीटर. मल्टीमीटर नसेल तर पुढचं वाचण्याआधी तो घ्या.

चिपच्या आत डोकावायची ही सोय मुळात डीबगिंगसाठी जन्माला आली नव्हती. बोर्डवरचं सोल्डरिंग नीट झालंय का हे प्रोब न टेकवता तपासता यावं म्हणून १९८५ साली कंपन्यांचा एक गट जमला, त्याचं नाव जॉइंट टेस्ट अॅक्शन ग्रुप, म्हणजेच जेटॅग. १९९० मध्ये त्याचं आयईईई ११४९.१ हे मानक झालं. जेटॅगला चार-पाच पिना लागतात. एआरएमने कॉर्टेक्स चिपसाठी तेच काम दोन पिनांवर आणलं, ते एसडब्ल्यूडी, म्हणजे सीरियल वायर डीबग. आपण तेच वापरणार आहोत.

जोडणी अशी: एसडब्ल्यूडीआयओ ही पीए१३ वर, एसडब्ल्यूसीएलके ही पीए१४ वर, मग ग्राउंड आणि ३.३ व्होल्ट. या चारही पिना ब्लू पिलच्या टोकाला वेगळ्या हेडरवर काढलेल्या असतात. पाचवी वायर म्हणजे रीसेट, एनआरएसटी. ती त्या हेडरवर नसते, बोर्डच्या काठावर ‘आर’ छापलेली पिन शोधावी लागते. बहुतेक लोक ही पाचवी वायर लावतच नाहीत, कारण रोजच्या कामात तिच्यावाचून काही अडत नाही. बोर्ड अडकतो तेव्हा मात्र नेमकी तीच लागते. हेडरला जागा असेल तर ती कायमची लावून ठेवा.

क्लोनच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डबीवर छापलेला पिनांचा क्रम आणि आतल्या बोर्डवरचा क्रम जुळतोच असं नाही. डबी सरकवून आतल्या पीसीबीवरची अक्षरं एकदा स्वतः वाचून घ्या. आणि काही क्लोनवरची ‘आरएसटी’ पिन फक्त एसटीएम८ या वेगळ्या चिपमालिकेच्या स्विम इंटरफेससाठी चालते, एसटीएम३२ ला ती रीसेट देतच नाही. ती चालते का ते बघायचं असेल तर रीसेटची आज्ञा देताना मल्टीमीटर किंवा एखादा एलईडी लावून बघा.

बोर्डला वीज एकाच बाजूने द्या. यूएसबी केबलही लावली आहे आणि एसटी-लिंकचे ३.३ व्होल्टही जोडलेत, असं नको. बाहेरून वीज देत असाल तर एसटी-लिंकची ३.३ ची वायर काढा. ग्राउंड मात्र कायम जोडलेलं हवं.

आणि एक सक्त ताकीद. स्मार्ट प्लग, एलईडी ड्रायव्हर, पंख्याचा रेग्युलेटर अशा वस्तूंत बऱ्याचदा ट्रान्सफॉर्मर नसतो, चिपचं ग्राउंड थेट मेन्सशी जोडलेलं असतं. अशी वस्तू २३० व्होल्टवर चालू असताना तिला एसटी-लिंक लावायचा नाही. लॅपटॉप तर जाईलच, माणूसही जाऊ शकतो. तिला प्लगमधून काढा आणि फक्त चिपला ३.३ व्होल्ट देऊन काम करा.

पहिली भेट: रीसेट न करता

सॉफ्टवेअर दोन ठेवा. एसटी कंपनीचं एसटीएम३२क्यूबप्रोग्रामर, ज्यात सगळं बटणांवर होतं. आणि ओपनओसीडी, जे २००५ च्या सुमारास जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये डॉमिनिक राथ यांच्या पदविका प्रबंधातून सुरू झालं आणि आज मुक्त डीबगिंगचा कणा आहे. सोबत एआरएमसाठीचा जीडीबी, म्हणजे चालू कोड थांबवून तपासणारा डीबगर प्रोग्राम. लिनक्सवर यूडेव्हचे नियम बसवले नाहीत तर एसटी-लिंक उघडायला परवानगी नाकारली जाते, विंडोजवर एसटीचा ड्रायव्हर लागतो. इतकं झालं की पाया तयार.

ओपनओसीडीला दोन फाइली सांगायच्या असतात, कोणता डीबगर आणि कोणती चिप:

‘ओपनओसीडी -एफ इंटरफेस/एसटीलिंक.सीएफजी -एफ टार्गेट/एसटीएम३२एफ१एक्स.सीएफजी’

आता पडद्यावर जे येतं ते खरोखर वाचा. ‘ओपन फेल्ड’ आलं तर संगणकालाच एसटी-लिंक सापडला नाही. बोर्डकडे बघण्यात अर्थ नाही, यूएसबी आणि ड्रायव्हर बघा. ‘टार्गेट व्होल्टेज’ ३.२ च्या आसपास दिसलं तर ठीक, शून्याजवळ असेल तर वीज किंवा वायरीचा घोटाळा. ‘इनिट मोड फेल्ड’ म्हणजे एसटी-लिंक शाबूत आहे पण पलीकडून उत्तर नाही. हाच आपला मुख्य रुग्ण. आणि ‘६ ब्रेकपॉइंट्स, ४ वॉचपॉइंट्स’ अशी ओळ आली तर अभिनंदन, चिप बोलते आहे.

चिप बोलत असेल तर लगेच रीसेट करू नका. ओपनओसीडी नुसतं जोडलं जातं तेव्हा ते चिपला थांबवत नाही आणि रीसेटही करत नाही. ज्या अवस्थेत कोड अडकला आहे ती अवस्था जशीच्या तशी आत असते. दुसऱ्या खिडकीत टेलनेटने पोर्ट ४४४४ उघडा, ‘हॉल्ट’ म्हणा आणि ‘रेग पीसी’ विचारा. पीसी म्हणजे प्रोग्राम काउंटर, कोअर कोडच्या कोणत्या पत्त्यावर आहे ते सांगणारं रजिस्टर. क्यूबप्रोग्रामरमध्ये हेच करायचं तर मोड ‘हॉट प्लग’ निवडायचा. आलेला पीसीचा आकडा कागदावर लिहून ठेवा. त्याचं काय करायचं ते पुढे येतंच.

चिप बोलत नसेल तर आधी कंटाळवाणी तपासणी. मल्टीमीटरच्या बझरवर पाचही वायरी टोकापासून टोकापर्यंत वाजवून बघा. जंपर वायर बाहेरून धडधाकट आणि आतून तुटलेली, हा प्रकार फार होतो. हेडर स्वतः सोल्डर केलं असेल तर ड्राय सोल्डर बघा. वायरी वीतभरापेक्षा लांब असतील तर तोकड्या करा किंवा वेग उतरवा: ‘अडॅप्टर स्पीड ४८०’, तरी जमेना तर १२५. हा आकडा किलोहर्ट्झमध्ये असतो.

इथेच एक वेगळा प्रकार भेटतो. एसडब्ल्यूडीवर चिप आधी आपला ओळख क्रमांक सांगते. अस्सल एफ१०३ सांगते १बीए०१४७७. स्वस्त बोर्डांवर कधी कधी चिपच दुसऱ्या कंपनीची, एफ१०३ सारखी बनवलेली असते आणि ती सांगते २बीए०१४७७. ओपनओसीडी ‘अनएक्स्पेक्टेड आयडीकोड’ म्हणून अडून बसतं. चिप खराब नाही. टार्गेटची फाइल देण्याआधी -सी लावून ‘सेट सीपीयूटीएपीआयडी’ आणि पुढे तो नवा क्रमांक दिला की काम पुढे सरकतं. एसटीच्या स्वतःच्या क्यूबआयडीईमध्ये मात्र अशी चिप ‘कुड नॉट व्हेरिफाय एसटी डिव्हाइस’ म्हणून नाकारली जाऊ शकते. तिथे वाद घालण्यापेक्षा ओपनओसीडी वापरलेलं बरं.

चिप गप्प का बसते

वायरी, वीज, वेग सगळं ठीक आणि तरी उत्तर नाही, तर संशयित तुमचा कोड. चिप शाबूत आहे, दार फक्त आतून लावलं गेलंय.

सगळ्यात नेहमीचं कारण क्यूबएमएक्समधलं, म्हणजे सुरुवातीचा कोड तयार करून देणाऱ्या एसटीच्या प्रोग्राममधलं आहे. नवा प्रोजेक्ट काढताना ‘सिस’ या भागात ‘डीबग’ची निवड ‘नो डीबग’ अशी राहून जाते. नाव वाचून वाटतं, आपल्याला डीबग करायचंच नाही, मग राहू दे. पण एफ१ मालिकेत या निवडीमुळे तयार होणाऱ्या कोडमध्ये एक मॅक्रो येतो, त्याच्या नावाच्या शेवटी ‘एसडब्ल्यूजे_डिसेबल’ असतं. तो पिनांची कामं ठरवणाऱ्या एएफआयओच्या एमएपीआर रजिस्टरमध्ये जेटॅग आणि एसडब्ल्यूडी दोन्ही बंद करतो. पहिल्यांदा कोड सुरळीत जातो, कारण तेव्हा दार उघडं होतं. तो कोड चालू झाला की दार बंद, आणि दुसऱ्यांदा कोड टाकायला गेलात की चिप गप्प. ‘एकदाच प्रोग्राम झाला, मग बंद पडला’ असं कुणी म्हटलं की मी आधी हेच विचारतो.

दुसरं कारण, पीए१३ किंवा पीए१४ साध्या जीपीआयओ, म्हणजे इनपुट-आउटपुट पिना म्हणून वापरणं. पिना कमी पडल्या की हात तिकडे जातो. तिसरं, स्लीप, स्टॉप किंवा स्टँडबाय. कोड सुरू होताच झोपी जात असेल तर कोअरचं क्लॉक थांबतं आणि डीबगरला उत्तर द्यायला कुणी उरत नाही. चौथं, क्लॉकची मांडणी चुकणं किंवा वॉचडॉगने, म्हणजे कोड अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरने, सेकंदाच्या आत पुन्हा पुन्हा रीसेट मारणं. यात जोडणी कधी लागते, कधी तुटते, आणि माणूस वायरींना दोष देत बसतो.

या चारही कारणांत एक गोष्ट सारखी आहे. तुमचा कोड चालू होईपर्यंत यातलं काहीच घडलेलं नसतं. रीसेटनंतर ही रजिस्टरं आपल्या मूळ किमतीवर येतात आणि एफ१०३ मध्ये ती मूळ किंमत ‘एसडब्ल्यूडी चालू’ अशीच आहे. म्हणजे कोडच्या पहिल्या सूचनेआधी चिप गाठायची. त्याचे मार्ग दोन.

मार्ग पहिला: रीसेट धरून ठेवून जोडणं

क्यूबप्रोग्रामरमध्ये उजवीकडे मोड ‘अंडर रीसेट’ आणि रीसेट मोड ‘हार्डवेअर रीसेट’ निवडा, मग ‘कनेक्ट’. आत काय होतं ते समजून घ्या. एसटी-लिंक एनआरएसटी पिन खाली ओढून धरतो. कोअर रीसेटमध्ये असतो, पण डीबगचा भाग त्या अवस्थेतही बोलू शकतो. एसटी-लिंक त्याला सांगून ठेवतो की रीसेट सुटताच पहिल्याच सूचनेवर थांब. याला व्हेक्टर कॅच म्हणतात. मग पिन सोडतो. कोअर जागा होतो आणि जागच्या जागी थांबतो, तुमच्या कोडला संधीच मिळत नाही.

ओपनओसीडीमध्ये टार्गेटच्या फाइलनंतर -सी लावून ही ओळ द्या: ‘रीसेट_कॉन्फिग एसआरएसटी_ओन्ली एसआरएसटी_नोगेट कनेक्ट_असर्ट_एसआरएसटी’. क्रम महत्त्वाचा आहे. टार्गेटच्या आधी दिलीत तर टार्गेटची फाइल ती खोडून स्वतःची किंमत लावते.

एनआरएसटीची वायर नसेल किंवा क्लोनची पिन कामाची नसेल तर बोटांनी करायचं. बोर्डवरचं रीसेट बटण दाबून धरा, कनेक्ट करा, आणि जोडणीचा प्रयत्न सुरू होताच बटण सोडा. टायमिंग साधायला काही वेळा लागतात, पण साधतं.

मार्ग दुसरा: बूट० चा पिवळा जंपर

बोटांचा खेळ जमत नसेल तर हा मार्ग जवळजवळ हमखास आहे, आणि गंमत म्हणजे बोर्डवर तो डोळ्यांसमोरच असतो. ब्लू पिलवरच्या दोन पिवळ्या जंपरपैकी बूट० हा १ कडे सरकवा, बूट१ तसाच ० वर ठेवा आणि रीसेट दाबा. आता चिप तुमची फ्लॅश सोडून १एफएफएफएफ००० वरच्या रॉममध्ये बसवलेला एसटीचा बूटलोडर चालवते. तो पीए१३-पीए१४ ला हात लावत नाही आणि झोपतही नाही. एसटी-लिंक नेहमीच्या पद्धतीने जोडा, जोडला जाईल.

एसटी-लिंकच नसेल तरीही रस्ता आहे. हा बूटलोडर यूएसएआरटी१ या सीरियल पोर्टवर, म्हणजे पीए९ आणि पीए१० वर ऐकत असतो. साधा ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर लावून क्यूबप्रोग्रामरच्या ‘यूएआरटी’ निवडीतून किंवा एसटीएम३२फ्लॅश या छोट्या प्रोग्रामने फ्लॅश वाचता-पुसता येते. पॅरिटी ‘इव्हन’ ठेवावी लागते, आणि टीएक्स-आरएक्स एकमेकांना उलटे जोडायचे.

काम झालं की जंपर परत ० वर. हे विसरून ‘नवा कोड टाकला पण चालतच नाही’ म्हणणारे खूप भेटतात.

पुसण्याआधी

जोडणी झाली. आता हात ‘फुल चिप इरेज’कडे जाईल. थांबा, आधी फ्लॅश उतरवून घ्या. ‘डंप_इमेज जुना.बिन ०८०००००० १००००’. शेवटचा आकडा हेक्समधला आहे, म्हणजे ६५,५३६ बाइट, म्हणजे ६४ केबी. कॅलिब्रेशनचे आकडे, सीरियल नंबर, सेटिंग अशा गोष्टी फ्लॅशच्या शेवटच्या पानांवर ठेवलेल्या असतात आणि त्या पुन्हा कुठून मिळत नाहीत.

उतरवताना वाचनच नाकारलं गेलं तर चिपवर रीडआउट प्रोटेक्शन, म्हणजे वाचनाचं कुलूप लावलेलं आहे. ‘एसटीएम३२एफ१एक्स ऑप्शन्स_रीड ०’ ने खात्री करा. ते काढायला ‘एसटीएम३२एफ१एक्स अनलॉक ०’ द्यायचं आणि बोर्डची वीज काढून पुन्हा द्यायची. पण कुलूप काढलं की चिप आतली सगळी फ्लॅश स्वतःहून पुसते, ती रचनाच तशी आहे. कुलूपही निघावं आणि कोडही राहावा, असं होत नाही. एफ१ मध्ये एवढ्यावर भागतं. एफ४, एल४ अशा मालिकांत त्याच्या वर लेव्हल २ आहे: एफ४ मध्ये ऑप्शन बाइटमध्ये, म्हणजे चिपची सेटिंग ठेवायच्या खास जागेत, सीसी लिहिलं की डीबग पोर्ट कायमचा बंद. ऑप्शन बाइटच्या पडद्यावर प्रयोग करू नयेत ते यासाठी.

आता पुसा आणि दुरुस्त कोड टाका. क्यूबएमएक्समध्ये ‘डीबग’ची निवड ‘सीरियल वायर’ करा. कोड झोपणारा असेल, किंवा त्या दोन पिना वापरल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर मेन फंक्शनच्या अगदी सुरुवातीला दोन सेकंद नुसतं थांबा. पुढच्या वेळी वीज दिल्यावर त्या दोन सेकंदांत चिप आरामात गाठता येते. माल विकायला काढताना ही ओळ हवी तर काढा.

आता खरं काम: तो अडकलाय कुठे?

जो बोर्ड जोडला जातोय पण काम करत नाही, त्याच्याकडे वळू. वर कागदावर लिहिलेला पीसी घ्या. ०८ ने सुरू होणारा असेल तर कोअर तुमच्या कोडमध्ये आहे. १एफएफएफएफ ने सुरू होत असेल तर बूट० चा जंपर १ वरच राहिलाय. एफएफएफएफएफएफएफई असेल तर कोअर लॉकअपमध्ये, म्हणजे फॉल्टवर फॉल्ट होऊन थिजलेला आहे, आणि सोबत एमएसपी (मुख्य स्टॅक पॉइंटर) एफएफएफएफएफएफ ने सुरू होणारा दिसला तर फ्लॅश चक्क रिकामी आहे.

जीडीबी सुरू करताना ज्या ईएलएफ फाइलमधून, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलमधून, फ्लॅश भरली तीच द्या. मग ‘टार्गेट एक्स्टेंडेड-रिमोट :३३३३’. लगोलग ‘कम्पेअर-सेक्शन्स’ चालवा. ही आज्ञा कमी जणांना माहीत असते. ती फ्लॅशमधला मजकूर आणि हातातली फाइल जुळवून बघते. न जुळणारी फाइल घेऊन केलेलं डीबगिंग म्हणजे दुसऱ्याच्या पत्रिकेवरून स्वतःचं भविष्य बघणं.

नवख्यांचे बोर्ड दोन ठिकाणी हमखास सापडतात. त्यातलं पहिलं डीफॉल्ट हँडलर.

‘बीटी’, म्हणजे बॅकट्रेस, दिलं की दिसतं, कोअर ‘इन्फिनिट_लूप’मध्ये फिरतोय. म्हणजे एखादा इंटरप्ट आला आणि त्याला सांभाळणारं फंक्शनच नव्हतं. कोणता इंटरप्ट? एक्सपीएसआर रजिस्टर वाचा. समजा ते ६१००००३५ आहे. त्याचे खालचे नऊ बिट म्हणजे एक्सेप्शनचा क्रमांक. इथे हेक्समध्ये ३५, म्हणजे ५३. त्यातून १६ वजा करा, ३७ उरले. एफ१०३ च्या यादीत ३७ वा इंटरप्ट यूएसएआरटी१. आता कोडमध्ये जा. हँडलर लिहिलेला असतो, पण त्याच्या नावात एक अक्षर लहान-मोठं झालेलं असतं, किंवा फाइल सी++ ची असते आणि ‘एक्स्टर्न सी’ लावलेलं नसतं. स्टार्टअप फाइलमध्ये हे हँडलर ‘वीक’ म्हणून घोषित असल्यामुळे लिंकर चकार शब्द काढत नाही, गुपचूप डीफॉल्ट जोडून मोकळा होतो.

दुसरं ठिकाण हार्डफॉल्ट, म्हणजे कोडने चुकीचं काही केल्यावर कोअर जिथे जाऊन अडकतो ते. याची लोक विनाकारण धास्ती घेतात. खरं तर इतकी माहिती हातात ठेवून मरणारं दुसरं काही नाही. फॉल्टची नोंद ठेवणाऱ्या तीन रजिस्टरांचे पत्ते पाठ करा: सीएफएसआर ई०००ईडी२८, एचएफएसआर ई०००ईडी२सी, बीएफएआर ई०००ईडी३८. एक उदाहरण जवळून बघू. ओपनओसीडीत ‘एमडीडब्ल्यू’ आज्ञेने वाचल्यावर समजा असं मिळालं:

एचएफएसआर ४०००००००
सीएफएसआर ००००८२००
बीएफएआर २०००५०००

पहिल्यात ३० वा बिट चढलाय, त्याचं नाव ‘फोर्स्ड’. म्हणजे मूळ फॉल्ट वेगळा होता. त्याचा स्वतंत्र हँडलर चालू केलेला नव्हता म्हणून तो बढती मिळून हार्डफॉल्ट झाला. दुसऱ्यात ९ वा आणि १५ वा बिट: ९ वा म्हणजे नेमका पकडलेला बस फॉल्ट, १५ वा म्हणजे बीएफएआरमधला पत्ता विश्वासार्ह आहे. आणि तो पत्ता कोणता, तर २०००५०००. रॅम २००००००० पासून सुरू होते. हेक्समध्ये ५००० म्हणजे २०,४८०, बरोबर २० केबी. कोडने रॅम संपल्यानंतरचा पहिलाच पत्ता वाचायचा प्रयत्न केला. स्टॅक रॅमच्या वरच्या टोकापासून खाली वाढतो, त्यामुळे मेनमधले स्थानिक अॅरे त्या टोकाजवळच असतात. तेव्हा अशा अॅरेवर चेकसम काढणारा, लांबी चुकलेला एखादा लूप शोधायचा.

ओळ शोधायला ‘बीटी’ पुरतं. जीडीबी फॉल्टच्या आधीच्या फंक्शनपर्यंत उलगडून दाखवतो. हाताने बघायचं असेल तर ‘एक्स/८एक्सडब्ल्यू $एसपी’. फॉल्ट होताना चिपने स्टॅकवर आठ शब्द ठेवलेले असतात, क्रमाने आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी, एक्सपीएसआर. म्हणजे सातवा शब्द हा गुन्ह्याचा पत्ता. ‘लिस्ट *’ पुढे तो देऊन ओळ उघडा. फसगत इथे होते की सी मध्ये लिहिलेला हार्डफॉल्ट हँडलर ऑप्टिमायझेशनशिवाय कंपाइल केला तर तो स्वतःही स्टॅकवर आर७ ढकलतो, आणि सगळे शब्द एकाने सरकतात. आठवा शब्द ०८ ने सुरू होत असेल तर शब्द सरकलेत, पीसी तोच. आणि सीएफएसआरमध्ये ९ व्याऐवजी १० वा बिट असेल, तर चुकीचं लिखाण बफरमधून उशिरा गेलेलं आहे. स्टॅकवरचा पीसी गुन्हेगाराच्या काही सूचना पुढचा आहे, तेव्हा तिथून थोडं मागे वाचत या.

थांबवताना काय थांबत नाही

ब्रेकपॉइंटवर कोअर थांबतो, बाकीची चिप थांबेलच असं नाही. टायमर चालू राहतात आणि पीडब्ल्यूएम शेवटच्या ड्यूटीवर पिन हलवत राहतं. मोटर जोडलेली असेल तर नियंत्रण करणारा कोड थांबलेला आणि मोटर पूर्ण जोरात, अशी परिस्थिती येते. मोटर चालवणारा एच-ब्रिज जळायला तेवढं पुरतं. आधी मोटरची वीज काढा, मग ब्रेकपॉइंट लावा.

स्वतंत्र वॉचडॉगही तसाच. तुम्ही व्हेरिएबल न्याहाळत असता आणि तो रीसेट मारून मोकळा होतो. डीबगची सेटिंग ठेवणाऱ्या डीबीजीएमसीयूच्या ई००४२००४ या रजिस्टरमध्ये ८ वा बिट चढवला की हॉल्टच्या वेळी तो गप्प बसतो. ओपनओसीडीची एफ१ ची फाइल जोडणी होताच हा बिट, आणि झोपेतही डीबग चालू ठेवणारे बिट, स्वतःच चढवते. त्यामुळे ‘डीबगर लावला की चालतं, काढला की बंद पडतं’ असं झालं तर झोप आणि वॉचडॉग यांच्यावर आधी संशय घ्या. त्यानंतर सेमीहोस्टिंगवर, म्हणजे डीबगरमार्फत संगणकाच्या पडद्यावर छापण्याच्या सोयीवर. प्रिंटएफ सेमीहोस्टिंगमधून जात असेल तर प्रत्येक ओळीला कोअर ब्रेकपॉइंटची सूचना चालवतो. डीबगर असला तर तो ती उचलतो, नसला तर थेट हार्डफॉल्ट.

ब्रेकपॉइंटची संख्या सहाच आहे, कारण फ्लॅशमधल्या कोडसाठी ते हार्डवेअरमधले तुलनाकार वापरतात. सातवा लावायला गेलात की जीडीबी कुरकुरतो. मला विचाराल तर सहा ब्रेकपॉइंटपेक्षा चार वॉचपॉइंट जास्त मोलाचे. ‘हे व्हेरिएबल कोण बिघडवतंय’ या प्रश्नाला ‘वॉच’ लावून कोड सोडून द्या, लिहिणारा रंगेहाथ सापडतो.

दुसऱ्या चिप असतील तर

आरपी२०४० म्हणजे रास्पबेरी पाय पिको अडकवणं अवघड आहे. बूटसेल बटण दाबून यूएसबी लावली की रॉममधला बूटलोडर येतोच. शिवाय एक पिको दुसऱ्या चिपचा डीबगर म्हणून वापरता येतो, त्यासाठी रास्पबेरी पायचंच डीबगप्रोब नावाचं मुक्त फर्मवेअर आहे. एसटी-लिंकचा क्लोन दगा देत असेल तर हा चांगला पर्याय. एनआरएफ५२ ला कुलूप लागलं असेल तर नॉर्डिकच्या टूलमधली ‘रिकव्हर’ आज्ञा, अर्थात सगळं पुसूनच. ईएसपी३२-सी३ आणि एस३ मध्ये यूएसबी जेटॅग चिपच्या आतच आहे, वेगळा डीबगर घ्यायची गरज नाही. एटीटायनी८५ मध्ये रीसेट पिन बंद करणारा फ्यूज चुकून लागला, तर साध्या आयएसपी प्रोग्रामरने ती परत येणार नाही. तिच्या रीसेट पिनला १२ व्होल्ट देणारा हाय-व्होल्टेज प्रोग्रामर लागतो. तो एका आर्डुइनोवर बनवता येतो, फक्त ते १२ व्होल्ट दुसऱ्या कोणत्या पिनला लागणार नाहीत एवढं बघा.